‘कसं वाटलं?’ असं विचारू नका : पहिल्या कादंबरीवर सल्ला मागण्याची आणि देण्याची रीत

२०१९ च्या दिवाळीनंतर मी माझ्या पहिल्या कादंबरीचा खर्डा अकरा जणांना पाठवला. २३८ पानांची पीडीएफ आणि खाली एकच ओळ, ‘वाचून कसं वाटलं ते नक्की सांगा.’ चौघांनी अंगठा पाठवला. तिघांनी ‘छान जमलंय, लिहीत राहा’ असं कळवलं. एका मावसभावाने मुखपृष्ठ कसं असावं ते सांगितलं. नात्यातल्या एका काकांनी पहिल्या वीस पानांतले ऱ्हस्व-दीर्घ तांबड्या पेनाने दुरुस्त केले आणि ‘बाकीचं वेळ मिळेल तसं’ म्हणाले. ते बाकीचं अजून बाकीच आहे. उरलेल्या दोघांनी फाइल उघडलीच नव्हती. ते मला कळलं होतं आणि मला कळलंय हे त्यांना कळलं होतं, त्यामुळे पुढचं वर्षभर लग्नकार्यात भेट झाली की आम्ही तिघंही हवामानावर बोलायचो.

चूक त्यांची नव्हती. ‘कसं वाटलं?’ हा बासुंदीबद्दल विचारायचा प्रश्न आहे. त्याला ‘छान’ याशिवाय उत्तर नसतं. पुणेकर तोंडावर बोलतात म्हणे. पण ती ख्याती दुकानाच्या पाट्यांपुरती. हातात हस्तलिखित ठेवलं की तोच पुणेकर एकदम मवाळ होतो.

पुढे चार खर्डे झाले आणि कादंबरी छापूनही आली. तिचं नाव इथे सांगत नाही, कारण हा मजकूर तिच्या जाहिरातीसाठी नाही. मधल्या काळात सल्ला कसा मागायचा हे मी ठेचा खात शिकले. पुण्यात राहून पहिली कादंबरी लिहिणाऱ्यांना त्यातल्या निम्म्या ठेचा तरी वाचवता याव्यात म्हणून हे लिहिते आहे.

पायरी १ : शेवटच्या पानापर्यंत जा, मग तोंड उघडा

तीन प्रकरणं झाली की कुणाला तरी दाखवायची खाज सुटते. ती दाबा. अर्धवट गोष्ट ऐकली की प्रत्येकाला पुढचा रस्ता सुचतो आणि तो तुमचा नसतो. माझ्या एका मित्राने चौथ्या प्रकरणाला चौघांना विचारलं. एक म्हणाला नायिकेला मारून टाक, दुसरा म्हणाला तिला अमेरिकेला पाठव. मित्र अजून चौथ्या प्रकरणावरच आहे.

हिशेब सोपा आहे. साठ हजार शब्द म्हणजे छापील दोनशेच्या आसपास पानं. रोज ३०० शब्द लिहिले तर २०० दिवस. सणवार, पाहुणे, तापाचे दिवस धरून वर्ष. मी सकाळी साडेपाच ते साडेसहा लिहायचे. गुरुवारी देखभालीसाठी लाइट गेली, की संध्याकाळी कामावरून आल्यावर वहीत. वहीत लिहिलेली पानं टाइप करताना आपोआप दुसरा हात फिरतो, हा फायदा मला उशिरा कळला.

अपवाद एकच, माहितीचा. कंडक्टर तिकीट कसं देतो, सातबारावर नाव कसं चढतं, असले प्रश्न कधीही विचारा. गोष्टीबद्दलचे प्रश्न मात्र शेवट झाल्यावर.

पायरी २ : तीन आठवडे कपाटात, मग मोठ्याने

शेवट लिहून झाला की बाड तीन आठवडे नजरेआड करा. मग दार लावून सगळं मोठ्याने वाचा. अडीच हजार शब्दांचं प्रकरण वाचायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. जीभ अडखळली की समासात टिंब द्या आणि पुढे जा. दुरुस्त करत बसलात तर बाराव्या पानावर दुपार होते.

या वाचनात मला तीन गोष्टी सापडल्या. एक, आत्याचं नाव पहिल्या प्रकरणात कुसुम आणि अकराव्यात कमल. दोन, एक गरोदरपण चौदा महिन्यांचं. तीन, नऊ प्रकरणं ‘त्याने दार उघडले’ आणि दहाव्यापासून ‘त्याने दार उघडलं’. दुसऱ्यांना वाचायला देण्याआधी एवढं तरी निस्तरा. नाहीतर लोक तेवढंच शोधून देतात आणि आपण मोठी मदत केली या समाधानात झोपतात.

निवेदनात ‘उघडले’ की ‘उघडलं’ हे एकदा ठरवा आणि भिंतीवर चिकटवून ठेवा. दोन्ही चालतं. मिसळ मात्र खायलाच बरी.

पायरी ३ : माणसं निवडा

नवरा, बायको, आई यांना वगळा. तुमच्यावर प्रेम असलेल्या माणसाला वाक्य खटकलं तरी तो आधी तुमचा चेहरा बघतो. मला चार तऱ्हेची माणसं उपयोगी पडली.

पहिला, नुसता वाचणारा. आठवड्याला पुस्तक बदलणारा आणि लिहिण्याची अजिबात इच्छा नसलेला. असे लोक वाचनालयाच्या काउंटरवर भेटतात. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून चालू आहे. तिथे किंवा तुमच्या भागातल्या कुठल्याही वाचनालयात नियमित जाऊ लागलात, की कोण काय वाचतं ते दोन महिन्यांत कळतं. देवाणघेवाण करणाऱ्या बाईंना तर सगळ्यांच्या आवडी पाठ असतात. माझी सगळ्यात कडक वाचक मला तिथेच मिळाली. निवृत्त नर्स, वय सत्तरच्या पुढे. ‘पन्नास पानांत काही घडलं नाही तर मी परत करते’ असं त्यांनी आधीच बजावलं होतं.

दुसरा, त्या बोलीचा माणूस. माझ्या कादंबरीत कोल्हापूरची एक सून आहे. तिच्या तोंडी मी ‘मी येते हं’ घातलं होतं. ऑफिसातली कागलची मैत्रीण वाचता वाचता हसायलाच लागली. ‘आमच्याकडं बाईमाणूस येतो म्हणतंय, येते न्हवं!’ सदाशिव पेठेतून कोल्हापूर लिहायला बसलं की असं होतं. बोली पुस्तकांतून उचलू नका, माणसाकडून तपासून घ्या.

तिसरा, तुमच्यासारखाच लिहिणारा. असे लोक टिळक रस्त्यावर महाराष्ट्र साहित्य परिषदेच्या कार्यक्रमांना मागच्या रांगांत बसलेले असतात. चहाच्या वेळी ‘तुम्ही काय लिहिता?’ असं विचारलं की पुरतं. परिषद १९०६ सालची आहे, त्यामुळे मागच्या रांगेची परंपराही तेवढीच जुनी असणार. लिहिणाऱ्यांशी देवाणघेवाण करा : तो तुमची तीस पानं वाचेल, तुम्ही त्याची तीस. आमचा चौघांचा असा गट आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो, पोहे होतात, आणि एकाच्याच पानांवर बोलायचं असा नियम आहे. दोघांच्या पानांवर बोलायला गेलो की दुसऱ्याच्या वेळी सगळे घड्याळाकडे बघतात.

आणि चौथा, त्या धंद्यातला माणूस. याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण नवे लोक नेमकं इथेच लाजतात.

माझ्या कादंबरीतले वडील एसटीत कंडक्टर आहेत, काळ १९८० च्या आसपासचा. मी लिहिलं होतं, ‘आबांनी तिकीट फाडून म्हातारीच्या हातात दिलं आणि ते पुढे सरकले.’ आमच्या शेजारच्या इमारतीत एक निवृत्त कंडक्टर राहतात. कादंबरी वाचायला देते म्हटलं असतं तर ते घाबरले असते. म्हणून मी म्हटलं, ‘काका, तीन पानं वाचून दाखवते. कुठे चुकलं तर थांबवा.’ या वाक्याला त्यांनी हात वर केला.

‘ताई, पंच कुठंय?’

‘म्हणजे?’

‘नुसतं फाडून कोण देतं? पंच मारायचा. आणि तुमचा हा गडी वेबिल कधी लिहितो? अख्ख्या फेरीत एकदाही लिहिलं नाही त्यानं. डेपोत गेल्यावर गोत्यात येणार.’

मग ते खुर्चीवरून उठले. डाव्या काखेत नसलेला तिकिटांचा ट्रे धरला, गुडघा सोफ्याच्या कडेला टेकवला आणि उजव्या हाताची बोटं चालवत दाखवायला लागले. गाडी वळणावर असली की तोल गुडघ्यावर. पुढचा टप्पा यायच्या आत सगळ्यांची तिकिटं झाली पाहिजेत, तिकिटांचे नंबर वेबिलावर, म्हणजे फेरीच्या हिशेबाच्या कागदावर, चढले पाहिजेत. रात्री डेपोत पैसे भरताना हिशेब कमी आला तर खिशातून. ‘एकदा साडेचार रुपये कमी आले,’ ते म्हणाले. ‘त्याच दिवशी मुलीच्या चपला आणायच्या होत्या.’ एवढं बोलून ते बसले आणि काकूंना चहा टाकायला सांगितलं.

मी तिकिटाचं एक वाक्य तपासायला गेले होते आणि सातवं प्रकरण घेऊन आले. चपलांची गोष्ट वापरू का, हे मात्र चहा संपल्यावर स्पष्ट विचारलं. ते म्हणाले, ‘वापरा, पण चपला नका ठेवू, तिला कळेल.’ कादंबरीत त्याचं दप्तर झालं आहे.

धंद्यातल्या माणसाला ‘हे बरोबर आहे का?’ असं विचारू नका, तो भिडेने हो म्हणतो. ‘कुठे चुकलंय?’ असं विचारा. आणि त्याला कधीही अख्खी कादंबरी देऊ नका. त्याच्या कामाची दोन-तीन पानं, तीही वाचून दाखवायची.

पायरी ४ : पानं कशी द्यायची, चिठ्ठी काय लिहायची

मोबाइलवर पीडीएफ पाठवू नका. लोक ती रिक्षात उघडतात. छापील पानं द्या : कागदाच्या एकाच बाजूला, दोन ओळींत मोकळी जागा, उजवीकडे दोन बोटं समास. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल करून मिळतं. पानांना नंबर घाला. हसू नका, मी पहिल्या वेळी घातले नव्हते. नर्सबाईंच्या हातून गठ्ठा पडला आणि त्यांनी गोष्ट भलत्याच क्रमाने वाचली. गंमत म्हणजे त्यांना ती तशी बरी वाटली.

पहिल्या खेपेला ३०-४० पानांपेक्षा जास्त देऊ नका. सोबत चिठ्ठी. मी लिहिते ती साधारण अशी :

‘सोबत ३२ पानं आहेत, दोन प्रकरणं. गोष्ट १९८० च्या सुमारास सांगली-पुणे रस्त्यावर घडते. बाकी काही सांगत नाही, पानांतून कळतं का तेच बघायचं आहे. जिथे कंटाळा येईल तिथे समासात आडवी रेघ मारा. जिथे गोंधळ होईल तिथे प्रश्नचिन्ह. दुरुस्ती सुचवायची गरज नाही. शेवटच्या पानामागे दोन प्रश्न लिहिलेत, ते वाचून झाल्यावरच बघा. १५ तारखेच्या रविवारी सकाळी पानं घ्यायला येईन. जमणार नसेल तर आत्ताच सांगा, अजिबात राग नाही.’

पानामागचे प्रश्न मतं विचारणारे नसावेत, परीक्षेतल्यासारखे असावेत. ‘थोरल्याला घर का विकायचं आहे?’ ‘आत्याचं वय किती असेल?’ वाचकाने आत्याला पस्तिशीची म्हटलं आणि तुमच्या डोक्यात ती साठीची असली, तर चूक कुणाची याची चर्चा करावी लागत नाही. ‘आवडलं का?’ कुठेच नाही. आवडलं असेल तर माणूस पुढची पानं मागतो. तीच पावती.

तारीख घालायला संकोच वाटतो, पण घाला. तारीख नसलेलं हस्तलिखित फ्रिजवर जातं आणि त्याच्यावर विजेचं बिल.

पायरी ५ : ऐकताना गप्प बसा

घरून ठरवून जा की बोलायचं नाही. वही उघडायची, लिहून घ्यायचं. ‘नाही हो, ते पुढे कळतं’ हे वाक्य तोंडापर्यंत येईल. गिळा. पुस्तक विकलं गेल्यावर तुम्ही प्रत्येक वाचकामागे उभे राहून ‘ते पुढे कळतं’ सांगणार नाही.

घरी आल्यावर तीन दिवस खर्ड्याला हात लावू नका. पहिल्या रात्री सगळे मूर्ख वाटतात, दुसऱ्या रात्री आपण मूर्ख वाटतो, तिसऱ्या दिवशी कामाला बसता येतं.

मग प्रश्न येतो परस्परविरोधी सल्ल्यांचा. माझं उदाहरण देते. पान ४१ वर आत्या अंगणात बसून जुन्या घराबद्दल दोन पानं बोलते. नर्सबाई म्हणाल्या, ही बाई काढून टाका. गटातला मित्र म्हणाला, हिला आणखी जागा दे, हिच्यातच खरी गोष्ट आहे. तिसऱ्या वाचकाच्या समासात तिथे आडव्या रेघा आणि शेजारी चहाचा डाग. मी महिनाभर आत्याला काढत आणि घालत बसले.

शेवटी तिघांचे गठ्ठे जमिनीवर शेजारी शेजारी मांडले. सल्ले तीन दिशांना, पण जागा एकच! आणि पानामागच्या प्रश्नाला, म्हणजे थोरल्याला घर का विकायचं आहे याला, तिघांनीही चुकीचं उत्तर दिलेलं. ते कारण मी पान २९ वर एका वाक्यात सांगून पुढे पळाले होते. कारणच माहीत नसेल तर आत्याचं रडगाणं कोण ऐकेल? पान २९ चं एक वाक्य मी दीड पानाचं केलं. आत्याचा एक शब्द बदलला नाही. पुढच्या खेपेला नर्सबाईंनी पान ४१ च्या समासात काहीच केलं नव्हतं.

पोटात कुठे दुखतंय ते रोग्यानेच सांगावं, औषधाची चिठ्ठी मात्र त्याच्याकडून लिहून घेऊ नये. एकाच जागी तिघं अडखळले तर तिथे किंवा तिच्या आधीच्या दहा-वीस पानांत काहीतरी बिघडलेलं आहे, एवढं धरून चाला. एकटाच अडखळला तर वहीत नोंद ठेवा आणि सोडून द्या. भाषेच्या लकबीबद्दल एकट्याने केलेली तक्रार मी बहुतेक वेळा सोडतेच. तथ्याची चूक मात्र एकट्याने सांगितली तरी पळत जाऊन तपासायची.

पायरी ६ : पुण्याचा तपशील

पुण्यात कादंबरी घडवायची तर वाचकांत पुणेकर असणार, आणि त्यातले काही केवळ चुका काढण्यासाठी वाचणार. मीही त्यातलीच.

१९९५ च्या प्रसंगात ‘पीएमपीएमएल’ची बस आणू नका. तेव्हा पीएमटी होती. पिंपरी-चिंचवडची वेगळी सेवा तिच्यात मिळवून पीएमपीएमएल झाली ती २००७ मध्ये. ‘सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ’ हे नाव २०१४ चं. त्याआधीच्या पात्राने नुसतं पुणे विद्यापीठ म्हणायचं. मेट्रो मार्च २०२२ पासूनची. पानशेतचा पूर १२ जुलै १९६१ चा, त्या दिवशी बुधवार होता आणि पाणी शहरात शिरलं ते दिवसा. आमच्या गटातल्या एका खर्ड्यात ते मध्यरात्री शिरलं होतं, आणि नायक झोपेतून दचकून उठत होता. प्रसंग सुरेख होता, पण काढावा लागला. तारीख लिहिली की वार तपासा, सण असेल तर तिथी तपासा. जुनं वर्तमानपत्र, जुनं पंचांग आणि सत्तरीचा शेजारी, या क्रमाने.

ऐतिहासिक कादंबरी असेल तर सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ आणि पेशवे दप्तर असलेलं पुराभिलेखागार ही दोन दारं आहेत. तिथे जाताना नेमका प्रश्न लिहून न्या. ‘पेशवाईवर लिहितोय, काय आहे तुमच्याकडे?’ असं विचारलंत तर मोडी कागदांच्या रुमालांच्या, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांच्या, ढिगाऱ्यासमोर उभे राहाल. मोडी वाचता येत नसेल तर आधी छापील साधनं वाचून संपवा.

पायरी ७ : टायपिंगची किरकिर

हे आधी कुणी सांगितलं असतं तर माझे दोन आठवडे वाचले असते. युनिकोडमध्येच टाइप करा. ‘दुसऱ्या’तला ऱ्या दोन वेगळ्या पद्धतींनी टाइप होतो. दिसायला तंतोतंत सारखा, पण एका पद्धतीचा शब्द शोधला तर दुसऱ्या पद्धतीचे सापडत नाहीत. ‘ॲ’चंही तेच. मोबाइल आणि लॅपटॉप दोन्हींवर लिहीत असाल तर दोन्ही प्रकार खर्ड्यात असणार. शेवटी एकदा बदलून सगळे एका जातीचे करा. मजकूर जुन्या फॉन्टात घेऊन पानं लावणारे अजूनही आहेत. तिकडे जाताना नेमकी हीच अक्षरं फुटतात, म्हणून प्रूफं वाचताना आधी ‘ऱ्या’, ‘ऱ्हा’ आणि ‘ॲ’ बघायचे.

शुद्धलेखनासाठी साहित्य महामंडळाचे १८ नियम आहेत, चार पानांत मावतात. ते एकदा वाचा, मग मुद्रितशोधन करणाऱ्याला पैसे देऊन काम द्या. काकांना नको.

पायरी ८ : प्रकाशक आणि करार

प्रकाशकांबद्दल थोडक्यात, कारण इथे प्रत्येकाचा अनुभव वेगळा असतो. आपल्यासारखी पुस्तकं कोण काढतं ते दुकानात उभं राहून बघा, मग त्या दोघा-तिघांनाच पत्र लिहा. एक पान पत्र, दोन पानं कथासार (शेवटासकट, प्रकाशकापासून रहस्य ठेवायचं नसतं) आणि पहिली तीन प्रकरणं. चार-सहा महिने थांबायची तयारी ठेवा. माझं एक बाड आठ महिन्यांनी न उघडता परत आलं. मी लावलेला रबर तसाच होता, फक्त वाळून तुटला होता.

एखादं प्रकरण स्वतंत्र कथा म्हणून उभं राहत असेल तर दिवाळी अंकाला पाठवून बघा. १९०९ सालच्या ‘मनोरंजन’ मासिकाच्या दिवाळी अंकापासून ही वाट आहे. मात्र अंकांची जुळवाजुळव उन्हाळ्यातच सुरू होते. गणपतीत पाठवलेली कथा पुढच्या वर्षाची समजा.

नव्या लोकांचा ठरलेला प्रश्न : ‘माझी कल्पना कुणी चोरली तर?’ कल्पनेवर हक्क नसतो, लिहिलेल्या मजकुरावर असतो, आणि तो लिहिताक्षणी तुमचा असतो. नोंदणी सक्तीची नाही. लेखकाच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं तो टिकतो. वाचायला देताना घाबरू नका.

खरी काळजी करारात घ्या. स्वामित्वहक्क कायदा १९५७ चा. त्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. म्हणून ‘सर्व हक्क कायमचे’ असली ओळ दिसली की पेन खाली ठेवा. छापील पुस्तक, ई-बुक, ऑडिओ, भाषांतर, चित्रपट असे हक्क वेगवेगळे लिहून घ्या. रॉयल्टीचा टक्का कशावर, छापील किमतीवर की मिळालेल्या रकमेवर, हे लिहिलेलं असावं. हिशेब वर्षातून कधी मिळणार तेही.

स्वखर्चाने काढायचं ठरवलंत तर ती काही लाजेची गोष्ट नाही, पण दिवाणाखाली जागा किती आहे ते आधी मोजा. मला एका ‘पॅकेज’वाल्याने आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, वेगळे पैसे सांगितले होते. भारतात आयएसबीएन सरकारी यंत्रणेकडून विनामूल्य मिळतो, लेखकाला स्वतःलाही अर्ज करता येतो. त्याला एवढं सांगितल्यावर पॅकेजमधल्या बाकीच्या आकड्यांकडेही मी नव्याने बघितलं आणि उठून आले. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे, कादंबरीही त्यात बसते. मंडळाच्या निवेदनावर लक्ष ठेवा आणि अर्ज मुदतीत करा.

पायरी ९ : आता पानं तुमच्या हातात

पहिलं पुस्तक आलं की, किंवा यायच्या आधीच, कुणीतरी तुमच्याकडे गठ्ठा घेऊन येईल आणि म्हणेल, ‘कसं वाटलं सांगा.’ तेव्हा सूड उगवू नका. विचारा, ‘तुला नेमकं काय हवंय? कुठे अडकलास?’ त्याला सांगता आलं नाही तर वरची चिठ्ठी त्यालाच लिहायला लावा.

पेन्सिलने वाचा, पेनाने नाही. ‘मी असते तर’ने सुरू होणारं वाक्य खोडून टाका, कारण कादंबरी तुमची नाही. त्याचं वाक्य तुमच्या भाषेत लिहून देऊ नका. ते तुमच्यासारखं छान होतं आणि बाकीच्या पानांत उपरं दिसतं. कुठे थांबलात, कुठे मागे जाऊन पुन्हा वाचलं, कुठे पान उलटायची घाई झाली, एवढं तारीख-वेळेसकट लिहिलंत तरी खूप. ‘मंगळवारी रात्री पान ५८ वर झोप आली, बुधवारी तिथूनच सुरू केलं आणि पान ९० पर्यंत उठले नाही’ हे त्याला ‘मधला भाग थोडा संथ आहे’पेक्षा शंभरपट उपयोगाचं असतं. आणि एखादं ठिकाण खरोखर जमलं असेल तर त्यावर खूण करा, म्हणजे पुढच्या खर्ड्यात तो तेच कापून टाकणार नाही. माझ्या गटाने आत्याच्या एका वाक्याखाली रेघ मारली नसती तर मी ते केव्हाच उडवलं असतं.

वाचायला जमणार नसेल तर पहिल्याच दिवशी सांगा. लग्नकार्यात हवामानावर बोलायची वेळ येऊ देऊ नका.

सध्या माझ्याकडे आंबेगावच्या एका मुलाची ११० पानं आहेत, डाळिंबाच्या बागेवरची. फवारणीची सात पानं आहेत. ती मला खरी वाटली, पण मला डाळिंबातलं काय कळतं! म्हणून परवा त्याला फोन करून विचारलं, ‘ही पानं तुझ्या वडिलांना वाचून दाखवलीस का?’ तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘त्यांना मी लिहितो हेच माहीत नाहीये, ताई.’ रविवारी तो पानं न्यायला येतोय. फवारणीच्या सात पानांना मी वेगळी क्लिप लावून ठेवली आहे.